चुना, पापडखार आणि शेवंतीचे केस

मी सांगितलं ते खरं होतं, आणि एकीनंही ते खरं मानलं नाही! याचा राग अजून माझ्या पोटात आहे. खोटं बोलले असते तर गावभर झालं असतं. खरं बोलले, तर म्हणाल्या, "भागूला ऊन लागलंय."

बोर्ली पंचतनला बागाईतदाराच्या खळ्यात आम्ही सात-आठ जणी सुपारी सोलायला बसत असू. सुपारी सोलताना हात अडकलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. सालांच्या ढिगाबरोबर गोष्टींचाही ढीग वाढतो. सालं संध्याकाळी चुलीत जातात, गोष्टी राहतात. त्या ढिगातलीच ही एक, शेवंतीच्या केसांची. शेवंती म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सगुणेची मुलगी. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा जमेल तसं लिहिते.

*

शेवंतीचे केस जन्मापासून कुरळे. कुरळे म्हणजे कपाळावर दोन बटा, तसले नव्हेत. ओले केले तर कमरेपर्यंत, वाळले की खांद्याच्या वर. फणी घातली की फणीचे दात मोडायचे.

आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या बायका वेणी सोडून केस बघतात. पहिल्या स्थळाच्या बायकांनी वेणी सोडली आणि चहा न घेता उठल्या. दुसऱ्या स्थळाची म्हातारी म्हणाली, "केस असे, तर पोरगी किती आडमुठी असंल!" तिसऱ्यांनी तर तोंडावर विचारलं, "हिला घरात घेतली तर ही दिसभर केसच सोडवंल, घर झाडायचं कुनी?"

सगुणा आत जाऊन रडली. शेवंती रडली नाही. मला म्हणाली, "मावशी, मी घर झाडते की गं रोज."

मग निरोप आला, म्हसळ्याचे लोक पंधरा दिवसांनी येणार.

*

काशी परटीण भट्टीत कपडे घालताना पाण्यात पापडखार आणि चुना टाकायची. एकदा कुणाची तरी घोंगडी चुकून त्या पाण्यात राहिली. बाहेर काढली तर लोकरीचं सगळं वळण गेलेलं, नुसते लांब लांब धागे लोंबत होते. घोंगडीचा मालक काशीवर ओरडत होता आणि मी तिथं उभी राहून वेगळाच विचार करत होते. लोकरीचं वळण जातं, तर केसांचं का जाणार नाही?

अक्कल ही अशी नको तिथं चालते!

दोन दिवसांनी न्हाणीत शेवंतीला बसवली. चुना आणि पापडखार कालवून केसांना थापला. पोर म्हणाली, "मावशी, चरचरतंय." मी म्हटलं, "थांब." पुन्हा म्हणाली, "मावशी, भाजतंय गं." मी म्हटलं, "लग्न करायचंय ना? थांब."

आमसुलाच्या पाण्यानं डोकं धुतलं तेव्हा केस सरळ झाले होते. म्हसळ्याच्या विहीणबाईंनी वेणी सोडून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "सुतासारखे हायत!"

लग्न ठरलं. सगुणेनं मला वचन द्यायला लावलं की हे कुणाला सांगायचं नाही.

*

लग्न झालं. नवरा बोटीनं मुंबईला गिरणीत गेला, आणि पोरीची पाठवणी दिवाळीनंतर करायची ठरली. पण केसांना दिवाळी कुठं ठाऊक! मुळातून पुन्हा कुरळे आले. वर कुरळं, खाली सरळ. जसे काही एकाच डोक्यावर दोन पोरींचे केस.

सगुणा चुन्याची डबी घेऊनच आली. "आक्का, पुन्हा एकदा लाव."

तोवर फणीबरोबर मूठ मूठ केस तुटून येत होते. मी डबी परसात फेकली. म्हटलं, "एकदा केलं ते चुकून केलं. दुसऱ्यांदा करीन ते समजून करीन."

मग मी त्या केसांची चाकरी धरली. कोरड्या केसांना फणी लावायची नाही, हे मी तेव्हा शिकले. आधी नारळाचं दूध चोळायचं, जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून त्याचा बुळबुळीत रस लावायचा, मग बोटांनीच एकेक बट सोडवायची, शेंड्याकडून वर. शिकेकाई पातळ. वर भाताची पेज. ओल्या केसांची वेणी घालायची नाही, त्यांना त्यांच्या मनानं वळू द्यायचं.

खळ्यातली कोंडी बघून म्हणाली, "भागू, एवढं तर मी म्हशीलापन चोळत न्हाय!"

मी म्हटलं, "म्हशीला तू भाजली न्हाईस."

ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा केली.

*

खालचे मेलेले सरळ केस कापून टाकले असते तर सगळं मिटलं असतं. पण सवाशिणीच्या केसांना कात्री लावायची नसते. नवरा जिवंत असताना केस कापले, म्हणजे त्याच्यावर संकट आणलं.

घरात कात्री सापडेना, सगुणेनं लपवलेली. मी सुपारीचा अडकित्ता घेतला. शेवंतीला म्हटलं, "मान खाली घाल." पहिली बट अडकित्त्यात धरली आणि सगुणा किंचाळत आली, "आक्का! नवरा जिता हाय तिचा!"

शेवंती मान खाली घालूनच म्हणाली, "आई, काप म्हन की तिला."

सगुणेनं अडकित्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि तोही लपवला. त्या दिवसापासून सगुणा सुपारी अख्खी तोंडात टाकायला लागली.

*

पावसाळ्यात शेवंतीला ताप आला. तीन आठवडे डोक्याला पाणी नाही, तेल नाही. कुरळे आणि सरळ जिथं मिळत होते, तिथं सगळं गुंतलं आणि मानेवर नारळाएवढा गोळा झाला.

खळ्यातली सगळ्यात म्हातारी बाळंबाई तिला बघायला गेली. तिनं तो गोळा बघितला, हात जोडले आणि त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं! "जट आली. देवीनं पोरीला मागितली."

गुरव आला, त्यानंही तेच सांगितलं. जट आली की ती कापायची नाही, विंचरायची नाही. पोर देवीची. पुनवेला देवळात वाहायची, मग नवरा नाही, सासर नाही, जन्मभर देवीच्या नावानं परडी घेऊन दारोदार फिरायचं.

दुसऱ्या दिवशी कोंडी शेवंतीच्या पाया पडली. "आई, माझी कोंबडी हरवलीय. घावंल का?"

शेवंती तापातून उठलेली, रडत होती. म्हणाली, "मला काय ठाव, कोंडीमावशी? येईल तिची ती."

संध्याकाळी कोंबडी आली! झालं! दुसऱ्या दिवशी दारात अकरा बाया.

*

तेव्हा मी वचन मोडलं. खळ्यात सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, "ही जट देवीची न्हाय. हे मी केलंय. चुना आणि पापडखार लावून मी तिचे केस भाजले."

सगुणा म्हणाली, "आक्काला पोरीचा लळा फार. पोर जानार, म्हनून डोकं फिरलंय."

गुरवानं मला विचारलं, "चुन्यानं केस सरळ झाले म्हनतेस. मग सरळ केस गुंतले कसे?" सगळ्या हसल्या.

मी चिडले. घरी आले, तसाच चुना कालवला आणि माझ्याच डोक्याला थापला. भाजलं तेव्हा मला कळलं, त्या पोरीनं किती सोसलं होतं. धुवून तडक खळ्यात गेले. "बघा!"

बाळंबाईनं माझे केस हातात घेतले, पुढून बघितले, मागून बघितले. म्हणाली, "भागू, तुझे केस पयल्यापासून सरळच हायत गं."

*

पुनवेला आठ दिवस राहिले. म्हसळ्याला मी स्वतः पोस्टकार्ड टाकलं. एकच ओळ लिहिली, "सून हवी असेल तर येऊन घेऊन जावी."

तोवर सगुणा दुपारी खळ्यात गेली की मी तिच्या घरात शिरायची. खोबरेल कोमट करून जटेत मुरवायची आणि पोत्याच्या दाभणानं एकेक गाठ उकलायची. मी देवीला एवढंच म्हटलं, "तुझी असेल तर माझा हात धर." तिनं हात धरला नाही. चार दिवसांत अर्धा गोळा सुटला. अर्धा राहिला.

पाचव्या दिवशी सगुणेनं मला दाभणासकट धरलं. सगळ्या बायका जमल्या, गुरव आला, आणि म्हणाले, देवीचा कोप झाला, आता पुनवेची वाट बघायची नाही, आजच पोर देवळात न्यायची. पोरीला नवं लुगडं नेसवलं. शेवंती उंबऱ्याला दोन्ही हातांनी धरून बसली.

तेवढ्यात म्हसळ्याच्या विहीणबाई बैलगाडीतून उतरल्या.

गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. सुनेजवळ खाली बसल्या. सुटलेल्या भागातला एक केस त्यांनी हळूच ओढून काढला आणि उजेडात धरला. वर कुरळा, खाली सरळ. दोन बोटांत धरून चाचपला.

"देवी एका केसाचे दोन करीत न्हाय," त्या म्हणाल्या. "हे कुना मानसाचं काम हाय. कुनाचं?"

सगुणा म्हणाली, "विहीनबाई, देवीची शपत, आमच्या घरात कुनी..."

मी म्हटलं, "माझं. मी केलं."

त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "तुमी समदी गप ऱ्हावा. तुमी मला एकदा फशिवलंय." मग शेवंतीची हनुवटी वर केली. "पोरी, देवीनं केलं असंल तर देवी म्हन. मी हात जोडीन आन् परत जाईन. मानसानं केलं असंल तर त्याचं नाव सांग. तुज्या तोंडून ऐकीन, तरच गाडीत घालीन."

शेवंतीनं आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अजून दाभण होतं, कोपरापर्यंत तेल ओघळत होतं. मी तिला मान हलवून सांगत होते, बोल, बोल गं बाय.

तिनं उंबरा सोडला.

"भागूमावशी."