नऊ वळणं आणि एक लॉकर

आमच्या घरात पिकअप मी चालवते. हे वाक्य पुढे सगळेजण विसरणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घेतली नवऱ्याने. तो आयटीत आहे. रोज कंपनीच्या एसी बसने जातो, बसमध्ये झोपतो आणि झोपेत त्याला डोंगर दिसतात. त्या डोंगरांसाठी हे धूड आणलं. पुढे पाच माणसं, मागे मोकळा हौदा, आणि सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. डोंगर काही आले नाहीत. अड्यार ते अंबत्तूर आणि अंबत्तूर ते अड्यार, एवढाच त्या गाडीचा प्रवास, आणि तो माझ्या हाताने. अंबत्तूरला एका कारखान्यात मी गीअर तपासते, चौदा वर्षं झाली. डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देणारे गीअर. हेही लक्षात ठेवा, कारण आमच्या घरी ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गाडीत आणखी एक माणूस असायचं. माझे वडील, आप्पा. मिरजेला चाळीस वर्षं त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. आई गेली, पाठोपाठ आप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मग पाण्याची बादलीही उचलता येईना, तेव्हा मी त्यांना इकडे तमिळ मुलखात घेऊन आले. आठवड्यातून तीनदा सकाळी फिजिओथेरपीला न्यायचं, तासभर थांबायचं, परत घरी सोडायचं आणि मग कामावर पळायचं. फिजिओथेरपीच्या बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेलाची, पण मराठीच. घराबाहेर आप्पांना बोलायला तेवढं एकच माणूस होतं, त्यामुळे ते सकाळी सहालाच शर्ट घालून बसत.

तमिळमधला एकच शब्द त्यांनी उचलला होता, 'परवाइल्ले'. म्हणजे असू दे, चालतंय. भाजी खारट झाली, परवाइल्ले. पंखा बंद पडला, परवाइल्ले. लेकीच्या घरी राहणाऱ्या बापाला ह्याहून सोयीचा शब्द कुठल्या भाषेत मिळणार?

आता कोवलम, आमच्या शहराबाहेरचं कोळ्यांचं गाव. इथल्या मराठी मंडळातल्या सात पुरुषांनी 'ऑफरोड ग्रुप' काढला होता. एका रविवारी ग्रुप बायकांसकट कोवलमच्या किनाऱ्यावर गेला आणि नवऱ्याने गाडी सरळ वाळूत घातली. एक मागचं चाक गरागरा फिरत वाळू उडवत होतं, दुसरं मख्ख उभं. जाळं विणत बसलेल्या एका कोळणीने सांगितलं, टायरची हवा कमी करा. सातांपैकी एकानेही ऐकलं नाही. तासाभराने दहा-बारा कोळ्यांनी दोर लावला. त्याआधी त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर टायरची हवा कमी केली. गाडी बाहेर आली. कोळी हसत होते, कोळण हसत होती, मीही हसले. ते हसणं मला महागात पडलं, कारण परत येताना नवरा म्हणाला, "गाडीत लॉकर नाही, म्हणून झालं."

नाचता येईना, अंगण वाकडं.

पुढच्या रविवारी आमच्या घरी बैठक बसली. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक हलकं पडतं तेच फिरत सुटतं, हे व्हिडिओ बघून सगळ्यांना कळलं होतं. त्यावर इलाज तीन. एक, दोन चाकांना थोडं धरून ठेवणारा, सौम्य. दुसरा, बटण दाबलं तरच चाकं एकत्र बांधणारा. तिसरा ऑटोमॅटिक लॉकर. हा गाडीला जोर दिला की दोन्ही चाकं आपोआप एकमेकांना बांधतो, आणि वळणावर त्याला वाटलं तर सोडतो. सातही जण तिसऱ्यावर खूश. आपल्याला काही करावं लागत नाही, सगळं आपोआप होतं, ही आमच्या मंडळातल्या पुरुषांची जुनी आवड आहे. घरातला चहाही त्यांच्या मते आपोआपच होतो.

मी चहा ठेवला आणि बोलले. म्हटलं, लग्नात नवराबायकोची गाठ बांधतात, तशी बांधून जोडप्याला देवळाभोवती पळवा. बाहेरच्या अंगाला असलेल्याला जास्त धावावं लागतं, गाठीला हिसका बसतो. आत्ताचं डिफरन्शियल ती गाठ सैल ठेवतं. लॉकर करकचून बांधतो. रोज गल्लीबोळात वळणाऱ्या गाडीला हा टकटक करणार, मधेच धक्का देणार, टायर खाणार, ओल्या रस्त्यावर रिकामा हौदा बाजूला फेकणार. वाळूत जायचंय ना वर्षातून चारदा? मग बटणवाला घ्या, नाहीतर हवा सोडून परत भरायला पंप घ्या.

"वहिनी भारी बोलतात," एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, वहिनींच्या कारखान्यातून स्वस्तात मिळेल का? आणि सगळे परत मोबाइलमध्ये शिरले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग नवऱ्याने आप्पांना विचारलं. तेवढी रीत त्याला आहे. "आप्पा, तुम्ही इतके ट्रक खोलले. तुम्हाला काय वाटतं?"

मी आप्पांकडे बघितलं. ह्या माणसाने आवाज ऐकून क्राउन गीअरचा कितवा दात गेलाय ते सांगितलेलं मी लहानपणी पाहिलंय. आप्पा टम्बलरमधल्या कॉफीकडे बघत म्हणाले, "जावईबापूंनी विचार करूनच ठरवलं असेल."

रात्री मी त्यांच्यावर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, लेकीच्या घरी राहतोय. जेवतो, झोपतो, वर गाडीत काय बसवायचं तेही मीच सांगू?" जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. आप्पांनी पाणी प्यायलं, त्याच्या बदल्यात तोंड बंद ठेवलं. मला तो हिशोब अजिबात मान्य नव्हता, पण त्यांच्या वयाच्या माणसाला किती ओरडणार.

लॉकर बसला. तो बसवताना डिफरन्शियलच्या आतले चार छोटे गीअर काढावे लागतात. नवरा ते भंगारात टाकायला निघाला होता. आप्पांनी मागून घेतले, ग्रीस लावलं, फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. "असू देत," म्हणाले. एवढंच.

नवऱ्याने रविवारी ईसीआरवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या हायवेवरून, गाडी कोवलमला नेली आणि वाळूतून दोनदा फिरवून आणली. वाळूत लॉकर चांगला चालतो, हे मी खोटं बोलणार नाही. आणि ईसीआर सरळ रस्ता आहे. सरळ रस्त्यावर लॉकरसारखा देवमाणूस नाही. सोमवारपासून गाडी माझ्या हातात. आमच्या घरापासून क्लिनिकपर्यंत नऊ वळणं आहेत. प्रत्येक वळणावर टकटकटक, पाय जरा सैल केला की धाड, टायर किंचाळणार, भाजीवाली अम्मा वळून बघणार. पाऊस पडला त्या दिवशी गोल चौकात मागचा भाग माझ्या परवानगीशिवाय शेजारच्या रांगेत गेला.

रोज संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगत होते. "सवय होईल," तो म्हणायचा. एकदा म्हणाला, "तू वळण चुकीचं घेतेस." चौदा वर्षं गीअर तपासणाऱ्या बाईला हे ऐकवणारा माणूस दर रविवारी एक वळण घेतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

आप्पा शेजारच्या सीटवर असायचे. डावा हात दारावरच्या कडीला. धाड झालं की, परवाइल्ले. पुढचं वळण, परवाइल्ले. मी रागाने इतकी भरलेली असायचे, नवऱ्याला संध्याकाळी काय काय ऐकवायचं ह्याची जुळवाजुळव करण्यात इतकी गुंतलेली, की त्या हाताकडे मी एकदाही नीट बघितलं नाही. हे माझं चुकलं, आणि ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

महिन्याभराने आप्पा म्हणाले, आज क्लिनिक नको. दोन दिवसांनी परत नको. आणि मग एका सकाळी, "बाई, मिरजेचं तिकीट काढ. इथली हवा मानवत नाही."

मिरजेत काय होतं? बंद घर, तीन पायऱ्या खाली नळ, आणि शेजारी गाव सोडून गेलेले. बादली कोण उचलणार होतं? मी नको म्हटलं, भांडले, रडलेसुद्धा. ते हटेनात. नवऱ्याने समजूतदारपणे दहा दिवसांनंतरचं तिकीट काढून दिलं. वयस्कर माणसांना गावची ओढ असते म्हणाला.

मी क्लिनिकच्या बाईंना सांगायला गेले. त्यांनी त्यांच्या जुन्या मराठीत उलट मलाच विचारलं. ऑपरेशनच्या जागेभोवतीचे स्नायू सुधारत आले होते, महिन्याभरात दगड झालेत. इथे येतानाच आखडून येतात. आप्पांना विचारलं तर परवाइल्ले म्हणतात. तुम्ही त्यांना बैलगाडीतून आणता की काय?

मी बाहेर येऊन गाडीत बसले. दारावरची कडी बघितली. एका बाजूने ती सैल होऊन लोंबत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी शेजारी बसून माझ्या बापाला दिला होता, एका खेपेला नऊ, परतताना नऊ.

त्या शनिवारी नवरा ग्रुपबरोबर दुसऱ्याच्या गाडीतून डोंगर बघायला गेला. मी बिस्किटांचा डबा आणि आप्पा दोघांना घेऊन अंबत्तूरला, आमच्या कारखान्यातल्या फिटरच्या भावाच्या गॅरेजवर गेले. जाताना वळणांवर गाडी जवळजवळ ढकलत नेल्यासारखी चालवली. आप्पांनी डबा बघितला होता, पण विचारलं काही नाही. गॅरेजमध्ये स्टुलावर बसले. फिटरचा भाऊ तमिळमध्ये, आप्पा मराठीत, आणि दोघांचं अगदी जमलं. मधेच आप्पा हात पुढे करत, तो गीअर त्यांच्या हातात ठेवी, ते अंगठ्याने दात चाचपून परत देत. वर्षभरात त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

तीन तासांत लॉकर निघाला, जुने गीअर परत बसले. परत निघालो. पहिल्या वळणाला आप्पांचा हात आपोआप कडीकडे गेला. गाडी वळली. काहीच झालं नाही. दुसऱ्या वळणालाही हात वरच होता. तिसऱ्यानंतर तो खाली आला आणि मांडीवर राहिला. घराच्या गल्लीत शिरताना म्हणाले, "त्या तिकिटाचं बघ जरा." मी तिकीट रद्द केलं. गावची ओढ एकाएकी कुठे गेली, हे नवऱ्याने विचारलं नाही.

नवऱ्याला आम्ही काही सांगितलं नाही. बघूया म्हटलं, कधी कळतंय. तीन रविवार त्याने गाडी चालवली. तिसऱ्या रविवारी आमच्या घरी बैठक होती, पुण्याहून नवीन आलेला एक मेंबर होता, त्यानेही पिकअप घेतलेली. नवरा त्याला समजावत होता, "ऑटोमॅटिक लॉकरच घे. सुरुवातीला आवाज करतो, मग रुळतो. आता आमची गाडी बघ, लोण्यासारखी वळते."

मी चकल्यांची ताटली ठेवली आणि गप्प बसले. फार वर्षांनी गप्प बसण्यात एवढी मजा आली.

नवा मेंबर आप्पांकडे वळला. "आप्पा, तुम्ही रोज बसता त्या गाडीत. घेऊ का मी?"

मला वाटलं, आता परवाइल्ले. आप्पांनी कॉफी खाली ठेवली. "बाई, तो डबा आण," म्हणाले.

मी आणला. त्यांनी झाकण काढून फडकं उलगडलं. ग्रीस लावलेला, पुसून लख्ख केलेला लॉकर चकल्यांशेजारी टीपॉयवर. "जावईबापू, हा तुमचा. तीन आठवडे डब्यात आहे. गाडीत जुनंच आहे. माझ्या पाठीला झेपेना."

सात माणसं त्या लॉकरकडे बघत राहिली. नवऱ्याचा चेहरा उतरला, आणि खरं सांगते, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "आप्पा," तो म्हणाला, "एवढा त्रास होत होता, तर कुणी मला सांगायचं तरी."

"ती रोज सांगत होती की," आप्पा म्हणाले.

नव्या मेंबराने हातातली चकली ताटलीत परत ठेवली.