पाळण्यातले बाबा

आमचे बाबा साठीला आले तरी पाळण्यातून उतरले नाहीत. ही आईची थट्टा. ऑफिसांच्या बावीस मजली इमारतीच्या काचा ते बाहेरून पुसतात, दोरांवर लोंबणाऱ्या लोखंडी पाळण्यात उभं राहून. इमारत त्यांच्याच वयाची. तिच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे आतले लोक चहा पिताना बाबांनी तीस वर्षं नुसतं बघितलंय.

बाबांचा एकच हट्ट: ऊन पडलेल्या काचेला हात लावायचा नाही. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. आतल्या बायका म्हणे पाळणा दिसला की घड्याळ न बघता चहाला उठायच्या.

मग नवे मॅनेजर आले. पूर्वेला मोठ्या साहेबांच्या खोल्या, दुपारी तिथे बैठका. "काका, उद्यापासून पूर्व बाजू सकाळी उरका." बाबा "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. आठवडाभरात काचांवर पांढरे ओघळ. मॅनेजरांनी सुनावलं, "जमत नसेल तर सोमवारपासून दुसरा माणूस बघतो."

घरी आई भडकली. "अहो, तोंड उघडा की! नोकरी गेल्यावर उघडणार का?"

"सांगून पटायचं नाही त्यांना," बाबा म्हणाले, पण त्यांना जेवण गेलं नाही. मला त्यांचा राग आला.

शनिवारी सकाळी बाबा मॅनेजरांना म्हणाले, "साहेब, एकदा या माझ्याबरोबर." माणूस भित्रा, पण इरेला पेटला. गच्चीवरून पाळण्यात चढला आणि डोळे मिटून दोर धरला. एक मजला खाली आल्यावर बाबांनी उन्हातल्या काचेला साबण लावला, पुसणी पुढे केली. "घ्या, पुसा." साहेबांनी दोरावरचा एक हात सोडवेपर्यंत फेस वाळून ओघळ तयार.

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाही."

बैठका सकाळी घ्यायला मोठ्या साहेबांची किती मनधरणी करावी लागली, ते मॅनेजरच जाणोत. पूर्व बाजू पुन्हा दुपारी आली.

सोमवारी चार वाजता बाबा एकोणिसाव्या मजल्यावर मॅनेजरांच्या खिडकीशी पोचले. आत टेबलावर दोन कप. साहेबांनी एक उचलला, दुसऱ्यावर बशी झाकली आणि बोटाने खूण केली: हा तुमचा.

बाबांनी खालपर्यंतच्या सगळ्या काचा पुसल्या, मगच लिफ्टने वर गेले.

"थंडगार झाला होता," घरी आईने पुढे केलेला कप तसाच हातात धरून ते सांगत राहिले. "पण काय चहा होता!"