खदानीच्या काठावर पंधरा किलो

माझ्या पाठीवरच्या बॅगेचं वजन पंधरा किलो आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणलं आहे, म्हणून पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. आत फिल्मचा जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा आणि तीन लेन्स. एका रोलवर फोटो बाराच निघतात, त्यातले अकरा मी वाया घालवतो. माझी बायको भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. ती म्हणते, "एवढ्या वजनाचे वांगे आनले असते तं विकले तरी गेले असते." तरी ती सोबत येते. लोखंडी ट्रायपॉड डोक्यावर चुंबळ ठेवून नेते आणि माझ्या आधी टेकडीवर पोचते.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मालेगावहून शिरपूरच्या रस्त्याने निघालो. रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढून काढून तिथली एक टेकडी अर्धी संपली आहे. उरलेल्या अर्ध्या टेकडीवरून खालचे हरभरे, तुरी, पार क्षितिजापर्यंत दिसतात. एवढ्या मोकळ्या जागेत एखादं माणूस उभं असलं की जागेचा मोठेपणा कळतो. माणूस एकच होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, तिला पाठमोरी उभी केली, म्हटलं, "समोर पाह्य. मान हलवू नको."

या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहावं लागतं, आडात डोकावल्यासारखं. काचेवर चित्र दिसतं, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. दोन वर्षांत मला त्याची सवय झाली होती, कारण मी झाडं आणि डोंगर काढायचो. त्यांना सरक म्हणावं लागत नाही.

काचेत ती फार डावीकडे दिसत होती.

"उजवीकडे सरक!"

ती सरकली. काचेत आणखी डावीकडे गेली. बायको आपलं ऐकत नाही यात मला नवल वाटलं नाही. मी आवाज चढवला. "अवं, उजवीकडे! उजवीकडे म्हनतो ना!" ती समोर पाहत, मान न हलवता, निमूट सरकत राहिली.

मग काचेत कोणीच नव्हतं. नुसतं वाळलेलं गवत होतं.

डोकं वर काढलं तेव्हा कळलं की उजवीकडे खदान होती. ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट उचलला आणि पळालो.

"धावू नोका!" खालून आवाज आला. "काठ ढासळून राह्यला!"

ती पुरुषभर खाली, मुरमाच्या एका अरुंद टप्प्यावर, काठाच्या भिंतीला छाती टेकून उभी होती. टप्प्याखाली साचलेलं हिरवं पाणी. तिला पोहता येत नाही. मलाही नाही. आसपास बोलवायला कोणी नव्हतं.

"ते बोजं काढा पाठीवरचं, अन् पोटावर या."

छातीवरचं बक्कल दोनदा ओढलं, निघेना. "निघत नाही."

"मंग तसेच या. पन हळू."

पंधरा किलोतला कॅमेरा वगळून उरलेलं ओझं पाठीवर घेऊन मी पालथा पडलो. छातीखालचा मुरूम सुटून खाली जात होता आणि तिच्या पदरावर पडत होता. कॅमेऱ्याकडचं टोक धरून मी ट्रायपॉडचा पाय खाली सोडला. तिने तो धरला आणि भार दिला. पाय लांब करताना कडी सैल करायची आणि मग पिळून घट्ट करायची असते. यातला दुसरा भाग मी नेहमी विसरतो. पाय सर्रकन हातभर निघाला आणि ती तेवढीच खाली गेली. तिचं एक पाऊल हवेत लोंबकळताना मला दिसलं. मी डोळे मिटले. माझ्यासारख्या शूराने अशा वेळी तेच करायचं असतं.

"डोये उघडा! वढा!"

ट्रायपॉडचा पाय अडकला होता. आणखी निघाला नाही. मी ओढलं. ती मुरमात बोटं रोवत वर आली आणि तिचं मनगट हाती लागताच मी ट्रायपॉड, कॅमेरा, सगळं सोडून दिलं. खालून पाण्याचा आवाज आला. वळून पाहिलं नाही.

काठापासून बरंच दूर रांगत येऊन आम्ही बसलो. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

"काहून उजवीकडे उजवीकडे वरडून राह्यले होते?"

मी सांगितलं. उलटं दिसतं, मीच विसरलो, तू बरोबर सरकत होतीस.

तिने पदरावरचा मुरूम झटकला. मग म्हणाली, "म्हंजे मी जाऊन राह्यली होती, अन् तुमी पाहून राह्यले होते."

"हो."

"सोडा आता. बांगडी रुतून राह्यली."

मला सोडायचं होतं, पण मूठ उघडत नव्हती. शेवटी तिनेच माझं एकेक बोट धरून सरळ केलं.