हरताळकेची गोळी

मला फिट यायच्या. माझ्या आईनं लग्नाआधीच सासरी स्पष्ट सांगितलं होतं, लपवाछपवी केली नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि बजावलं, "बाई, एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकता कामा नये." गोळ्यांनी झापड यायची, पण फिट थांबल्या.

मग आली हरताळका. कडक निर्जळी उपास. पाण्याचा थेंब चालत नाही, तर गोळी गिळायची कशी? मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. गोळी काय, उद्या घेता येईल. नवऱ्याचं आयुष्य उद्यावर ढकलता येतं का? दुसऱ्या दिवशी उपास सोडायला भाकऱ्या थापायला बसले आणि चुलीवरच कोसळले. शुद्धीवर आले तर डावा हात कोपरापर्यंत भाजलेला. माझं रांगतं पोर सासूच्या कडेवर रडत होतं. पडले तेव्हा ते माझ्या मांडीशीच होतं म्हणे. ते ऐकून मला हाताची आग जाणवेना.

पुढच्या वर्षी पुन्हा तो दिवस आला. सकाळीच नवरा म्हणाला, "घे गं गोळी, मी काय मरत नाय."

"तुमी गप बसा! सणासुदीला काय ते अभद्र बोलताय!" मी करवादले. पण गोळीची पुडी हातातून खाली ठेववेना. गोळी घेतली तर नवऱ्याच्या जिवाची भीती, नाही घेतली तर पोराची.

सासू पत्री निवडत बसली होती. लग्नापासून तिचा हा उपास कधी मोडला नव्हता. त्यात त्या साली सासरे दम्यानं बेजार, रात्र रात्र बसून काढायचे. ती उठली, तांब्या उचलला आणि माझ्यासमोर घटाघटा पाणी प्याली.

"आई, अवो काय केलंत! मामा एवढे आजारी…"

"म्हाताऱ्याला देव बघंल. या पोराला आय लागते. माजा मोडला, आता तुज्या एकटीचा नाय मोडत. घे."

मी रडत रडत गोळी गिळली. तिचेही डोळे भरले होते, नि ती सारखी सासऱ्यांच्या खाटेकडं बघत होती. तिकडून धापा टाकत आवाज आला, "अगं, जिता हाय मी. मलाबी घोटभर आण."

सासरे पोराला शाळेत सोडायला जाईपर्यंत जगले. दर हरताळकेला सकाळी तेच तांब्या घेऊन माझ्यापुढं उभे राहायचे.

"घे गं पोरी गोळी. नायतर म्हातारी पुन्ना माज्या जिवावर पानी पील."