ठासणीची आणि दुनळी

अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, शेतीच्या राखणीसाठी दोन बंदुका होत्या. भावाला बार उडण्याच्या आवाजाचीच धास्ती, म्हणून भातात रानडुकरं उतरली की अण्णांबरोबर बांधावर मी जायची. बारा बोअरची दुनळी सगळ्यांची लाडकी. उचलली की तोल बरोबर डाव्या हातात यायचा. पण दस्ता खांद्यात नीट दाबून धरला नाही तर अशी लाथ घालायची की दोन दिवस वेणी घालता येत नसे. मला आवडायची ती ठासणीची. तोंडाकडे जड, दारू ठासण्यात वेळ जायचा, शिवाय चाप ओढल्यावर बार उडायला क्षणभर लागायचा. तेवढा वेळ पळत्या डुकराबरोबर नळी सरकवत राहायची. ज्याच्याकडे दम नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. माझ्याकडे दम होता.

आता मी परदेशात, क्वीन्सटाउनला बाराव्या मजल्यावर राहते आणि पाया लेबारच्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासते. इथला कायदा इतका कडक की बंदूक सोडा, एखादं काडतूस आठवण म्हणून आणायचीही माझी छाती नाही. गेल्या वर्षी अण्णांची नजर अधू झाली. परवाना पुढे चालवायचा तर गावात राहणारा वारस हवा. भाऊ नको म्हणाला. राहिले मी. परत जाऊ या, असं नवऱ्याला म्हटलं, तर त्याने नुसतं मुलाकडे बोट दाखवलं. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, मुलगा इथेच जन्मलेला, त्याला कायद्याने इथल्या सैन्यात दोन वर्षं काढायचीच होती. त्याला मागे टाकून जाणार कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आठवडाभर मी भांडी आपटली, दुसरं काय करणार.

मुलगा भरती झाला. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नातवाला तब्येत विचारली नाही, बंदूक कशी आहे ते विचारलं.

"एकदम लाइट, आजोबा. नो किक लाह."

लाह ही इथली बोलायची लकब; लाथ मारत नाही, असं मी मराठीत सांगितलं तसे अण्णा खूश झाले. चाप जड आहे का, नेम कुठल्या बाजूला ओढतो, श्वास कधी रोखतोस, सगळं खोदून विचारलं. तो अर्ध्या इंग्रजीत सांगत होता आणि मी मध्ये बसून मराठी करत होते. बंदुकीबद्दल बोलायला दोघांकडे काहीतरी होतं, मी नुसती दुभाषी. मला हेवा वाटला, पोटच्या पोराचा.

तो आंघोळीला गेल्यावर मी अण्णांना म्हटलं, परवान्याला थोडी मुदत मिळते का विचारा, मी काहीतरी जमवते.

"दोन्ही बंदुका सोमवारीच पोलीस ठाण्यात देऊन आलो, बाय."

माझा आवाज चढला. आधी मला विचारलं का नाही, म्हणून मी भांडायलाच उठले. अण्णांनी मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले,

"विचारलं असतं तर तू येते म्हणाली असतीस, आणि आली नसतीस. मी मग वाट बघत बसलो असतो."