माझे कापलेले दोन मार्क

मास्तरांच्या मुलीचा पहिला नंबर आला तर गावात एक किस्सा होतो, नाही आला तर दोन. माझे नाना आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यामुळे पावसाळ्यासाठी पडवीत लाकडं रचावीत तसे माझ्याकडे किस्से साठले आहेत.

*

परीक्षा जवळ आली की मास्तरांकडे काहीतरी पोचतं करायचं, ही वाडीवाल्यांची रीत. बाबूकाकांनी एकदा आदल्या दिवशी भला मोठा फणस पाठवला. नानांनी तो शाळेत नेला, सगळ्यांसमोर फोडला आणि त्यावरच गणित घातलं. गरे शहाण्णव, मुलं बत्तीस, प्रत्येकी किती?

एकतीस जणांचं बरोबर आलं. चुकला तो बाबूकाकांचा विष्णू. म्हणाला, "घरचा फणस मोजून कोण खातं?"

*

शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. त्यांनी मला उभं करून नाव विचारलं. चारचौघांत माझा आवाज गळ्यातच राहतो.

"ही कोणाची मुलगी?" साहेबांनी विचारलं. आपली म्हटलं तर वशिला दिसेल, म्हणून नानाही गप्प.

साहेब शेरा लिहून गेले, "एक मुलगी मुकी आहे. तरी हजेरी चांगली."

पुढे आठवडाभर आई मला जेवायला खुणेनं बोलवत होती!

*

माझी सगळी गणितं बरोबर आली, तरी पन्नासांत अठ्ठेचाळीसच. कारण विचारलं तर नाना म्हणाले, "दोन मार्क माझी मुलगी असल्याबद्दल. लोकांना बोलायला जागा नको."

कोणाची कोणती ते कळू नये म्हणून पाट्यांवर नावं नसत, त्या पालथ्या रचून ठेवायच्या. पण माझ्या पाटीच्या कोपऱ्याला नानांनीच पितळेची पट्टी ठोकली होती. दोन मार्क कापले जायचे कधी चुकलं नाही. मी ते मनातल्या मनात परत घ्यायची आणि स्वतःला पहिली समजून झोपायची.

*

अलिबागला स्कॉलरशिपच्या परीक्षेला शाळेतून एकच मूल जायचं होतं. चुरस माझ्यात आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या कोळीवाड्यातल्या मथीत. मला जायचं होतं, इतकं की पत्र्याची पेटीही पुसून ठेवली होती.

निवडीच्या दिवशी मथीच्या गुळगुळीत पाटीवर पेन्सिल उठेना. मला मोठेपणाची हौस. माझी पाटी तिला दिली आणि तिची पाटी थुंकी लावून चालवली.

दुसऱ्या दिवशी नानांनी मथीची जुनी, गुळगुळीत पाटी उचलली. "सत्तेचाळीस. मथी, अलिबागला तू." मग पितळेची. "सेहेचाळीस."

मथी उठली. "मास्तर, ती माजी नाय. माजी पितळेची."

"म्हणजे मास्तरांचीच चालली," विष्णू मागून म्हणाला.

नानांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो आजार मला कुठून आला ते तेव्हा कळलं. पेटी डोळ्यांसमोर होती. मी उभी राहिले.

"नाना, तिचे दोन मार्क परत द्या."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मुकी बोलली होती.

"शाळेत नाना म्हणायचं नाही," नाना म्हणाले. त्यांनी पितळेच्या पाटीवर सेहेचाळीसचे अठ्ठेचाळीस केले. मग मी लिहिलेली जुनी पाटी पुन्हा जवळ ओढली आणि सत्तेचाळीसचे पंचेचाळीस केले.