कडब्याची चुंबळ

आमच्या सासूबाईंच्या आध्यात्मिक परिवाराचं पवित्र चिन्ह एका म्हशीने खाल्लं, आणि ते तिला आवडलं.

मी शेवगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्या कलेबद्दल आजवर अनेकांनी अनेक मतं दिली. पण आवडीने चाटूनपुसून संपवलं ते फक्त मैनेने. (मैना म्हणजे सासूबाईंची म्हैस.) मैनेवर माझा राग नाही. चूक माझीच होती, आणि ती मी अगदी मन लावून केली होती.

सासूबाई पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात राहतात. सासरे गेल्यावर दिवसभर त्या कामात असायच्या, पण दिवस मावळायला लागला की त्यांना घर खायला उठायचं. मग त्या ओट्यावर येऊन मावळतीकडे तोंड करून गप्प बसायच्या. एक दिवस शेजारचे तात्या येऊन बसले. मग गाद्या भरणारे शब्बीरचाचा आले, आणि बघता बघता ओटा भरला. देव नाही, गुरू नाही, आरती नाही, प्रसाद नाही. (प्रसाद नसूनही माणसं येतात, हा मी चमत्कारच मानतो!) सूर्य बुडेपर्यंत गप्प बसायचं आणि मग आपापल्या घरी जायचं. गाव त्यांना 'मुकी कंपनी' म्हणतं. ते स्वतःला 'निवांत मंडळी' म्हणवतात.

ही बातमी कशी कोण जाणे, पण पार पुणतांब्याला पोचली. तिकडेही गोदावरीच्या काठी अशीच काही माणसं बसायला लागली आणि त्यांचा निरोप आला : येत्या रविवारी जीप करून भेटायला येतो, संध्याकाळी तुमच्याबरोबर बसतो.

सासूबाई हरखून गेल्या. आमच्या हिच्याजवळ, म्हणजे सुनंदाजवळ, त्या म्हणाल्या, "मला बघाया मानसं एकदाच आली हुती, लग्नाच्या येळी. त्येबी पोहे खाऊन 'कळवतो' म्हनून गेल्ते. आता दुसऱ्यांदा येत्यात बघ."

सुनंदाचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पर जावईबापू, त्यांनी घर कसं वळखायचं? आपल्या मंडळीचं काईतरी चिन्ह पायजे दारावर. तुमी चित्रं काढता न्हवं?"

जावयाला असं विचारू नये! मी तिथल्या तिथे छाती फुगवून म्हणालो, "आई, तुम्ही फक्त बघत राहा."

शनिवारी सकाळीच मी रंगपेटी घेऊन सासुरवाडीत हजर झालो. ओट्यावर तात्या, शब्बीरचाचा आणि सासूबाई परीक्षकांसारखे बसले. मी मावळता सूर्य काढला.

"ही तर निशानी हाय," तात्या म्हणाले.

"कसली?"

"विलेक्शनची! आत्ताच पंचायतीचं मतदान झालंय. आपल्या दारावर सूर्य लावला तर पडलेला गट म्हनंल, बाई फुटली."

मी पणती काढली. तीही कुणाची तरी निशाणी होती. झाड काढलं, तेही गेल्या वेळच्या सरपंचाचं. घागर, छत्री, कपबशी, शिट्टी, शिवणयंत्र... देवाने आणि माणसाने बनवलेली एकही वस्तू आमच्या पंचायतीत उभी राहायची शिल्लक नव्हती! मी वैतागून डोळे मिटले आणि दोन हात जोडलेले काढले.

"ह्यो पडला हुता," तात्या हळहळले. "बिचाऱ्याला घरच्यांनीसुदिक मतं दिली न्हाईत."

शेवटी मी रागाने कागदावर एक मोठं वर्तुळ ओढलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"भोपळा हाय का?" तात्यांनी विचारलं.

शब्बीरचाचांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "मला तर चुंबळ दिसतीया."

सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "व्हय की. चुंबळच. घागरीखाली डोक्यावर असती. वजं काय ती कमी करत न्हाई, पर डोक्याला टोचू देत न्हाई. आमी सांच्याला बसतो ते त्यासाठीच की."

मी कागद परत माझ्याकडे ओढून बघितला, कारण एवढा खोल अर्थ माझ्या चित्रातून निघाल्याची मला सवय नव्हती.

चिन्ह ठरलं. सासूबाई आत जाऊन जुनं लुगडं घेऊन आल्या. "ह्याची वळते मोठी चुंबळ. घटकाभराचं काम."

इथे गोष्ट संपली असती. पण माझ्यातला कलावंत जागा झाला! "छे छे आई, लुगडं कसलं? आपल्या मातीतलं साहित्य हवं. ज्वारी हे इथलं पीक. आपण चुंबळ कडब्याची विणू."

"कडबा लई कडक असतोय, जावईबापू."

"तेच तर कौशल्य असतं."

माळ्यावरून जुन्या सायकलच्या चाकाची रिंग काढली आणि तिच्यावर कडब्याची ताटं वळायला बसलो. ताटं मोडायला लागली म्हणून पाण्यात भिजवली. मऊ झाली, पण सुटायला लागली. मग घट्ट बसावीत म्हणून गव्हाच्या पिठाची खळ केली आणि चिकटपणा यावा म्हणून तिच्यात गूळ विरघळवला. गुळाला मुंग्या लागतील, म्हणून मूठभर मीठ टाकलं. रंग तेजस्वी यावा म्हणून वरून हळद लावली.

सुनंदा बाहेर आली, वाकून तिने वास घेतला. "अहो, हे चिन्ह आहे की कालवण?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कलेतलं तिला काय कळतंय! (तिला कळत होतं. तिचं बालपण याच गोठ्यात गेलंय.)

रविवारी सकाळी चुंबळ तयार झाली. खरं सांगतो, सुंदर झाली होती. सोन्यासारखी पिवळी, वीणही घट्ट. गावातल्या शाळेच्या टाकीपाशी तेवढी मोबाईलला रेंज येते. तिथे जाऊन मी पुणतांबेकरांना फोटो पाठवला : 'हे चिन्ह दिसेल तिथे थांबा.' फक्त खळ अजून ओली होती. उन्हात ठेवली तर हळद विटेल, ओट्यावर ठेवली तर कोंबड्या चोची मारतील. सावली हवी, वारा हवा आणि खुंटी हवी. हे तिन्ही एकाच ठिकाणी होतं.

गोठ्यात.

मी ती मैनेच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगली, जावयाला शोभेल असं जेवलो आणि आडवा झालो.

जाग आली ती 'कर्रम कर्रम' अशा आवाजाने. धावत गोठ्यात गेलो तर चुंबळीचा चतकोर मैनेच्या पोटात गेलेला आणि डोळे मिटून तिचं पुढचं काम चाललेलं! ज्या जनावराला वर्षभर कोरडा कडबा मिळतो, त्याला मी भिजवलेला, मऊ केलेला, गूळ, पीठ आणि मीठ लावलेला कडबा तोंडासमोर टांगून दिला होता. मुलीच्या लग्नातही एवढी सरबराई मी करेन असं वाटत नाही.

"सोड! मैने, सोड!" मी रिंग धरून ओढली. मैनेने मान हिसडली. खुंटी उपटली, दावं तुटलं, रिंग तिच्या शिंगावरून घरंगळत गळ्यात जाऊन बसली आणि आमच्या परिवाराचं पवित्र चिन्ह गोठ्याबाहेर पडलं!

तिला मिठाने तहान लागली होती. गुरांचा हौद थेट फाट्यावर. पुढे मैना, मागे मी. अंगात बनियन, खाली लुंगी, हाताला हळद. "नवरदेव पळाला रं!" पारावरून कुणीतरी ओरडलं. मला थांबून खुलासा करायला वेळ नव्हता. डोक्यात एकच विचार होता. पाहुणे येतील, दारावर चिन्ह नसेल, ते परत जातील, आणि दुसऱ्यांदा बघायला आलेली माणसंही 'कळवतो' म्हणून निघून जातील. सासूबाईंना मी काय तोंड दाखवणार होतो?

फाट्यावर जीप उभी होती. पुणतांब्याची मंडळी चहाच्या टपरीवर विचारत होती, "निवांत मंडळी कुठं बसतात?"

"हितं समदेच निवांत हायेत," टपरीवाला सांगत होता. "तुमाला कोन पायजे?"

तेवढ्यात गळ्यात सोनेरी चुंबळ घातलेली मैना त्यांच्यासमोरून डौलात गेली आणि हौदात तोंड घालून पाणी प्यायला लागली. एका बाईंनी मोबाईलमधला फोटो बघितला, मैनेला बघितलं आणि हात जोडले.

"अगं बाई! वाट दाखवायला चिन्हच पाठवलं!"

मी धापा टाकत काही बोलणार, तर पाणी पिऊन मैना वळली. धारेची वेळ झाली होती आणि ती घराकडे निघाली. तिच्यामागे जीप निघाली. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून जीपमागे मी.

सासूबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. आधी त्यांना मैना दिसली, मग जीपभर पाहुणे हात जोडून उतरताना दिसले आणि सर्वांत शेवटी, धुळीतून, पिवळ्या हातांचा जावई दिसला.

त्या बाई जीपमधून उतरताच सासूबाईंचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "एवढ्या लांबून फक्त तुम्हाला बघायला आलोय हो." सासूबाईंनी ते हात न सोडताच त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं. मला तर तिथेच मोठ्याने रडावंसं वाटलं. पण बनियनवर ते बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले. सूर्य खाली चालला होता, कुणी बोलत नव्हतं. आणि त्या गाढ शांततेत गोठ्यातून आवाज आला, 'कर्रम... कर्रम.' गळ्यातून काढून पुढ्यात टाकलेल्या उरल्यासुरल्या चुंबळीचा मैना निवांत समाचार घेत होती. आधी शब्बीरचाचांचे खांदे हलले. मग तात्यांना खोकला आला. आणि मग सासूबाई हसल्या! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. सुनंदाने माझा पिवळा हात घट्ट धरला. सूर्य कधी बुडाला ते कुणाला कळलंच नाही.

आता दारावर लुगड्याची चुंबळ आहे. घटकाभरात वळलेली, घट्ट आणि देखणी. मी समजलो, माझी सुटका झाली. पण परवा टाकीपाशी जाऊन सासूबाईंनी मुद्दाम फोन केला.

"जावईबापू, पुनतांब्याची मंडळी पुन्यांदा यायचीत. या तुमी कडबा वळाया."

मी भरून पावलो. म्हणालो, "आई, म्हणजे माझीच चुंबळ तुम्हाला जास्त आवडली तर!"

"मला न्हाई वो," सासूबाई म्हणाल्या. "मैनेला. त्या दिसापास्नं दूध वाढलंय. ह्या टायमाला गूळ जरा जास्त घाला."